सगळ्यांना हरवून झालं, आता वरच्या वजनी गटात जावं का? बॉक्सिंगमधला जुना पेच काय आहे?

१३ सप्टेंबर २०२५ ला लास व्हेगासमध्ये अमेरिकेचा टेरेन्स क्रॉफर्ड रिंगमध्ये उतरला, तेव्हा त्याच्यासमोर मेक्सिकोचा साउल 'कनेलो' अल्वारेझ होता. क्रॉफर्डची याआधीची लढत १५४ पौंडांच्या, म्हणजे साधारण ७० किलोंच्या गटात झाली होती. ही लढत १६८ पौंडांची, म्हणजे ७६ किलोंची होती. मधला १६० पौंडांचा गट त्यानं थेट ओलांडला होता. बारा फेऱ्या संपल्या आणि तिन्ही परीक्षकांनी क्रॉफर्डला विजयी ठरवलं.

नऊ वर्षांपूर्वी, सप्टेंबर २०१६ मध्ये, ब्रिटनच्या केल ब्रूकनंही जवळपास एवढीच उडी मारली होती. १४७ पौंडांच्या गटातला हा अपराजित जगज्जेता १६० पौंडांत गेनाडी गोलोव्किनला भिडला. पाचव्या फेरीत ब्रूकच्या प्रशिक्षकानं टॉवेल टाकून लढत थांबवली. त्याच्या उजव्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं होतं.

क्रॉफर्डनं १४ पौंड ओलांडले, ब्रूकनं १३. एक इतिहासात गेला, दुसरा शस्त्रक्रियेच्या टेबलावर. मग आपल्या गटात कुणी उरलं नाही की बॉक्सरनं वर जावं का? आणि जायचं, तर कशाच्या जोरावर?

वजनी गट असतात कशासाठी?

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये पुरुषांचे पारंपरिक १७ वजनी गट आहेत. सर्वांत खालचा १०५ पौंडांचा, म्हणजे सुमारे ४७.६ किलोंचा. सर्वांत वरच्या हेवीवेटला कमाल मर्यादाच नाही. दोन गटांमधलं अंतर सगळीकडे सारखं नसतं. खालच्या गटांत ते तीन-चार पौंडांचं असतं, १६० आणि १६८ मध्ये आठ पौंडांचं, तर १७५ आणि २०० मध्ये तब्बल २५ पौंडांचं.

कारण साधं आहे. ठोशामागे शरीराचं वजन असतं, आणि तो ठोसा झेलणाऱ्याच्या डोक्यावर, बरगड्यांवर बसतो. दोघांचं कौशल्य सारखं असेल, तर जड माणसाचं पारडं जड राहतं.

पण वजनकाट्यावरचा आकडा हा लढतीतला आकडा नसतो. वजन साधारणपणे आदल्या दिवशी केलं जातं. त्याआधीचे काही दिवस बॉक्सर शरीरातलं पाणी कमी करत जातात. वजन झालं की पुन्हा खातात, पितात आणि दुसऱ्या दिवशी बरेच किलो वाढवून रिंगमध्ये येतात. म्हणजे १४७ पौंडांचा जगज्जेता लढतीच्या क्षणी १४७ पौंडांचा असतोच असं नाही.

मग वर का जायचं?

पहिलं कारण, प्रतिस्पर्धी संपतात. जपानचा नाओया इनोउए याचं उत्तम उदाहरण आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये त्यानं ११८ पौंडांच्या गटातले चारही प्रमुख संघटनांचे पट्टे एकत्र केले. तिथे सिद्ध करण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. पुढच्या वर्षी तो १२२ पौंडांत गेला आणि दोनच लढतींत तिथलेही चारही पट्टे त्याच्याकडे आले.

दुसरं कारण शरीराचं. विशीतला बॉक्सर तिशीत त्याच वजनात बसत नाही. इनोउएनं पहिलं जगज्जेतेपद २०१४ मध्ये १०८ पौंडांत मिळवलं. ते वजन राखणं त्याच्या शरीराला झेपेनासं झालं, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तो ११५ पौंडांत जगज्जेता झाला. अशा वेळी वर जाणं हे धाडस नसतं. उलट खालच्या गटात अडून राहणंच धोक्याचं असतं, कारण पाणी तोडून थकलेलं शरीर मार झेलायला कमी पडतं.

तिसरं कारण पैसा आणि नाव. मोठ्या नावाशी लढत म्हणजे मोठी कमाई, आणि ते नाव अनेकदा वरच्या गटात असतं.

वर गेल्यावर काय बदलतं?

खालच्या गटात जो ठोसा समोरच्याला झोपवत होता, तोच ठोसा वरचा बॉक्सर झेलून पुढे येतो. त्याचे हात लांब असू शकतात. क्लिंचमध्ये तो अंगावर रेलला, तर फेरीमागून फेरी ते ओझं पायांना जाणवतं.

इनोउए १२२ पौंडांत यायच्या आधी कारकिर्दीत एकदाही खाली पडला नव्हता. मे २०२४ मध्ये टोकियो डोममध्ये लुईस नेरीनं त्याला पहिल्याच फेरीत खाली पाडलं. वर्षभरानं रॅमोन कार्डेनासनं दुसऱ्या फेरीत तेच केलं. दोन्ही वेळा इनोउए उठला आणि जिंकला. दोष फक्त वजनाचा, असं मात्र म्हणता येत नाही, कारण नेरी स्वतःही ११८ पौंडांतूनच वर आला होता. पण चुकीची किंमत वाढली आहे, एवढं यातून दिसतं.

वजन पाहायचं की शरीराची ठेवण?

क्रॉफर्डच्या विजयात एक गोष्ट सहज नजरेआड होते. कागदावर तो लहान होता, पण उंचीला दोघं जवळपास सारखे होते आणि हातांचा पल्ला क्रॉफर्डचाच मोठा होता. त्याचा पल्ला सुमारे १८८ सेंटिमीटर, अल्वारेझचा सुमारे १७९. शिवाय अल्वारेझ स्वतःही खालच्या गटांतूनच वर चढत आलेला. म्हणजे १६८ पौंडांच्या गटात क्रॉफर्डनं असा प्रतिस्पर्धी निवडला, ज्याच्यापेक्षा त्याचे हात लांब होते.

हाच अल्वारेझ मे २०२२ मध्ये १७५ पौंडांत दिमित्री बिवोलशी लढला होता. बिवोल उंच, मूळचाच त्या गटातला आणि अंतर राखून खेळणारा. अल्वारेझ गुणांवर हरला.

युक्रेनचा ओलेक्सांडर उसिक तर आणखी मोठ्या उडीत यशस्वी झाला. २०१८ मध्ये २०० पौंडांच्या गटाचे सगळे पट्टे मिळवल्यावर तो हेवीवेटला गेला. पण त्याची उंची सुमारे १९१ सेंटिमीटर, म्हणजे हेवीवेटचं वजन पेलणारी चौकट त्याच्याकडे होतीच. त्यानं घाईही केली नाही. वर गेल्यावर आधी दोन लढती खेळल्या आणि मगच, २०२१ मध्ये, जगज्जेत्या अँथनी जोशुआला आव्हान देऊन हरवलं.

ब्रूकला मात्र हा वेळ मिळाला नाही. १५४ पौंडांत थांबून अंदाज घेण्याऐवजी १६० पौंडांतली त्याची पहिलीच लढत गोलोव्किनशी होती, ज्यानं तोवरच्या ३५ पैकी ३२ लढती बाद करून जिंकल्या होत्या.

परतीचा रस्ता का अवघड?

वर जाण्याची चर्चा खूप होते, खाली येण्याची फारशी होत नाही. खरा फटका अनेकदा तिथे बसतो.

अमेरिकेच्या रॉय जोन्स ज्युनियरनं मार्च २००३ मध्ये हेवीवेट जगज्जेत्या जॉन रुइझला हरवलं. एके काळच्या मिडलवेट जगज्जेत्यानं हेवीवेटचा पट्टा घेणं ही फार दुर्मीळ गोष्ट होती. मग कमावलेलं वजन उतरवून तो १७५ पौंडांत परतला. नोव्हेंबरमध्ये अँटोनियो टार्व्हरविरुद्ध तो कसाबसा जिंकला. मे २००४ मध्ये त्याच टार्व्हरनं त्याला दुसऱ्या फेरीत बाद केलं, आणि सप्टेंबरमध्ये ग्लेन जॉन्सननं नवव्या. वयही पस्तिशीचं होतं, त्यामुळे सगळा दोष वजनाच्या चढउताराला देता येणार नाही. पण तो जोन्स नंतर पुन्हा दिसला नाही.

ब्रूकही १४७ पौंडांत परतला. मे २०१७ मध्ये एरोल स्पेन्सविरुद्ध तो हरला आणि या वेळी डाव्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं.

मेरी कोमकडे पर्याय होता का?

काही वेळा हा निर्णय बॉक्सरच्या हातात नसतोच. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिला बॉक्सिंग पहिल्यांदा आलं, पण फक्त तीन गटांत, आणि त्यांतला सर्वांत हलका ५१ किलोंचा. भारताच्या मेरी कोमनं २०१० चं विश्वविजेतेपद ४८ किलोंत मिळवलं होतं. ऑलिंपिक खेळायचं तर वर जाणं भाग होतं. उपांत्य फेरीत ब्रिटनच्या निकोला ॲडम्सनं तिला ११-६ असं हरवलं आणि तिला कांस्यपदक मिळालं. २०१८ मध्ये ४८ किलोंत परतून तिनं सहावं विश्वविजेतेपद पटकावलं. तिचा खरा गट कोणता, याचं उत्तर त्या सुवर्णपदकात होतं.

मग वर गेलं नाही, तर थोरपण कमी होतं का?

मार्विन हॅगलरचं नाव इथे घ्यावं लागतं. १९८० ते १९८७ या काळात तो १६० पौंडांचा जगज्जेता राहिला, बारा वेळा पट्टा राखला आणि कधीही वरच्या गटात गेला नाही. तरीही सर्वकालीन महान बॉक्सरांच्या यादीत त्याचं नाव असतं.

म्हणून 'वर का जात नाही?' हा प्रश्न चाहत्यांनी विचारणं सोपं आहे. बॉक्सरला आणि त्याच्या कोपऱ्यातल्या माणसांना त्याआधी तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. शरीर खरंच या गटात मावेनासं झालंय का? वरच्या गटाला पुरेल एवढी उंची आणि पल्ला आहे का? आणि वर गेल्यावर तिथेच राहायची तयारी आहे का? तिन्हींचं उत्तर 'हो' असेल, तर जरूर जावं. फक्त पट्ट्यांची संख्या वाढवायची असेल, तर त्याचा हिशेब शरीराला चुकता करावा लागतो, हे ब्रूकच्या दोन्ही डोळ्यांनी दाखवून दिलं आहे.