विद्यानगरात घर किरायाने घेताय? महाराष्ट्राचा हिशोब तिथे चालत नाही

हैदराबाद (प्रतिनिधी) : नांदेड, देगलूर, उदगीर, भालकी भागातून लेकरू शिकायला हैदराबादला निघालं की पहिला प्रश्न खोलीचा. काचीगुडा स्टेशनला लागूनच पुढचं स्टेशन विद्यानगर. एका बाजूला उस्मानिया विद्यापीठ, दुसरीकडे नल्लकुंटा. त्यामुळे आपली बरीच माणसं इथेच घर बघतात.

हे नातं जुनं आहे. उस्मानिया विद्यापीठ 1918 चं. मराठवाडा 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता आणि औरंगाबादला विद्यापीठ झालं ते 1958 मध्ये. तोवर मराठवाड्यातल्या पोरांना उच्च शिक्षणासाठी हैदराबादच जवळचं होतं.

मालक खाली, किरायदार वर

विद्यानगर ही जुनी वस्ती. खाली मालकाचं घर आणि वरचे मजले किरायाने, ही इथली रीत. अशा भागाला इथे 'पोर्शन' म्हणतात. गेटवर 'टू-लेट'ची पाटी दिसली की सरळ आत जाऊन विचारायचं. काही मालकांनी जागा बिल्डरला दिली आणि बदल्यात फ्लॅट घेतले. एक राहायला ठेवला, बाकीचे किरायाने. म्हणून एकाच इमारतीत मालकही आहेत आणि दर दोन वर्षांनी बदलणारे विद्यार्थीही. 2011 च्या जनगणनेत देशाच्या शहरी भागातली 27.5 टक्के कुटुंबं भाड्याच्या घरात होती. विद्यापीठाजवळच्या वस्त्यांत किरायदार जास्त असणार, हे उघड आहे.

करारात फरक कुठे?

महाराष्ट्रात 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, मग तो 11 महिन्यांचा का असेना. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर अटींबाबत किरायदाराचं म्हणणं आधी खरं धरतात.

तेलंगणात हे कलम नाही. तिथे केंद्राचा नोंदणी कायदा राज्याच्या दुरुस्तीसह लागतो : मुदत कितीही असली तरी भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची. तरी व्यवहारात बिननोंदणीचा 11 महिन्यांचा स्टॅम्प पेपरच चालतो. म्हणजे वाद झाला तर तुमच्या हातात तेवढाच कागद. जे त्यात लिहिलं नाही, ते सिद्ध करता करता नाकी नऊ येतात.

तिथला 1960 चा भाडे नियंत्रण कायदा आहे, पण महापालिका हद्दीत 3,500 रुपयांच्या वरचा किराया आणि 15 वर्षांच्या आतली इमारत त्यातून वगळलेली आहे. आजच्या किरायात त्याचा आधार क्वचितच मिळतो. मग उरतो 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. करारात वेगळं काही नसेल तर महिन्याच्या किरायदारीला फक्त 15 दिवसांची नोटीस पुरते.

पैसे अडकतात ते डिपॉझिटमध्ये

समजा किराया 12,000. दोन महिन्यांचा ॲडव्हान्स 24,000. मेंटेनन्स बहुतेक वेळा वेगळा. घर सोडताना 'रंगकामाचे' म्हणून एक महिन्याचा किराया कापला, तर हातात येतात 12,000. तोंडी ठरलं असेल तर भांडायला जागाच उरत नाही. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडेकरू कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे, पण राज्याने स्वतः कायदा केला तरच ती लागू होते.

म्हणून सही करण्याआधी कागदावर एवढं आलंच पाहिजे :

- ॲडव्हान्स किती, किती दिवसांत परत, त्यातून काय कापणार
- नोटीस दोन्ही बाजूंनी किती दिवसांची
- मेंटेनन्स, पाणी आणि वीजबिल कोणाकडे
- दर वर्षी किराया किती वाढणार

पैसे बँकेतून किंवा यूपीआयने द्या. रोख दिले तर पावती घ्या. घरात शिरताना भिंती, नळ, पंखे यांचे फोटो काढून मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा.

विकत घेणार असाल तर

आपल्याकडे सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट बघतात. तिथे फ्लॅटच्या खरेदीखतात जमिनीचा अविभाजित हिस्सा किती गज, ते बघा. इमारत जुनी होऊन पाडायची वेळ आली की किंमत त्या गजांचीच होते. शिवाय नोंदणी विभागाकडून 'ईसी' म्हणजे बोजा प्रमाणपत्र काढा. स्टॅम्प, ट्रान्सफर ड्युटी आणि नोंदणी मिळून साधारण साडेसात टक्के खर्च धरून चला.

राज्याची हद्द ओलांडली की कायदा बदलतो. ओळखीचा मालक असला तरी कागद पक्का करा. ओळखही टिकते आणि पैसेही.