डॉक्टर घडताना (भाग ७) : तापाचा पत्ता

गेल्या आठवड्यात इलेक्टिव्ह म्हणजे काय ते पाहिलं. २०१९ साली एमबीबीएसचा अभ्यासक्रम बदलला आणि विद्यार्थ्याने स्वतः विषय निवडून काम करायचा हा प्रकार आला. सुरुवातीला महिना-महिन्याचे दोन भाग होते, पुढे ते पंधरा-पंधरा दिवसांवर आले. त्यातली एक निवड म्हणजे संसर्गजन्य रोग.

बहुतेक कॉलेजांत या नावाचा वेगळा विभागच नसतो. विद्यार्थी मेडिसिनच्या एखाद्या युनिटला जोडला जातो, आणि खरं तर त्याचं काही बिघडत नाही. पावसाळ्यात मेडिसिनचा वॉर्ड म्हणजे तापाचाच वॉर्ड.

समजा, विदर्भातलं एखादं मेडिकल कॉलेज आहे, ऑगस्ट अखेरचे दिवस. एक मावशी पाच दिवसांच्या तापाने दाखल आहेत. विद्यार्थ्याने केस नीट मांडली : मलेरिया निगेटिव्ह, डेंग्यू निगेटिव्ह, प्लेटलेट कमी. सर एवढंच विचारतात, "मावशी काम काय करतात?" विद्यार्थी गप्प. विचारल्यावर कळतं, बांधावरचं गवत कापतात. मग सिस्टरना बोलावून, पडदा ओढून पुन्हा तपासणी होते. काखेत एक काळी खपली, विडीचा चटका बसावा तशी. दुखत नाही, खाजत नाही, त्यामुळे मावशींनाही तिचा पत्ता नव्हता.

हा स्क्रब टायफस. गवता-झुडपांतल्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या किड्याची अळी चावते आणि जंतू अंगात शिरतात. २०१८च्या पावसाळ्यात नागपूर भागात याने माणसं दगावली. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनसारखी इंजेक्शनं यावर चालत नाहीत, डॉक्सीसायक्लिन ही जुनी, स्वस्त गोळी चालते. वेळेत दिली तर ताप बहुधा दोन दिवसांत उतरतो. खपली प्रत्येक रुग्णात असतेच असं नाही, पण सदऱ्यावरून स्टेथोस्कोप लावणाऱ्याला ती कधीच दिसणार नाही.

गाव बदललं की प्रश्नाचं उत्तरही बदलतं. दोडामार्गकडचा माणूस उन्हाळ्यात काजूच्या बागेतून ताप घेऊन आला, तर गोचिडीमुळे होणारा माकडताप आठवायला हवा. मुंबईत तुंबलेल्या पाण्यातून चालत घरी गेलेल्याच्या पोटऱ्या ठणकत असतील, डोळे लाल असतील, तर लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस). रिपोर्ट यायच्या आधीच निम्मं निदान या गप्पांत होतं.

डेंग्यूचा धडा मात्र उलटा आहे. ताप उतरला की विद्यार्थी खुशीत 'सुधारणा' असं लिहितो. नेमकी तीच धोक्याची वेळ असते. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपू लागतो, पोट दुखतं, उलट्या होतात, नाडी जलद आणि क्षीण होते. नातेवाइकांचं सगळं लक्ष प्लेटलेटच्या आकड्यावर आणि विद्यार्थ्याचंही तिथेच. हिमॅटोक्रिट (रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण) चढतोय का, लघवी किती झाली, हे बघायची सवय पुस्तकातून लागत नाही. त्यासाठी त्याच खाटेशी दिवसातून चारदा जावं लागतं.

म्हणून पंधरा दिवस मला अपुरे वाटतात. ब्लड कल्चरचा रिपोर्ट यायलाच कधी कधी पाच दिवस जातात. पाठवलेलं कल्चर, आलेलं उत्तर आणि त्यावरून बदललेलं औषध ही साखळी एकदा तरी पुरी बघायला हवी.

तुमच्यापुरतं एक सांगतो. ताप घेऊन दवाखान्यात जाल तेव्हा गेल्या दोन-तीन आठवड्यांत कुठे गेला होतात, कुठलं काम केलंत, काही चावलं का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा.