हिरवळीचे पाणी आणि पिण्याचा नळ

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात वुस्टर शहरी असलेल्या होली क्रॉस महाविद्यालयाच्या फुटबॉल संघाला 1969 सालचा हंगाम अवघे दोन सामने खेळून सोडून द्यावा लागला. कारण धडधाकट तरुण खेळाडू एकामागून एक काविळीने अंथरुणाला खिळू लागले आणि तपासाअंती संघाशी संबंधित 97 जणांपैकी 90 जणांना रोगाचा संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले. या काविळीचे विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत सुमारे चार आठवडे लोटतात. तेव्हा तपासनिसांना ऑगस्टच्या अखेरीपर्यंत मागे जावे लागले, आणि शोध घेता घेता ते सरावाच्या मैदानावरील पिण्याच्या नळापाशी येऊन थांबले.

त्या नळाला येणारी जलवाहिनी वाटेत मैदानाची हिरवळ शिंपण्याच्या तोट्यांनाही पाणी पुरवीत असे. या तोट्या जमिनीच्या पातळीखाली, उथळ खड्ड्यांत बसविलेल्या होत्या. त्या खड्ड्यांत पाणी साचे, आणि शेजारी राहणारी मुले, ज्यांच्यापैकी काहींना कावीळ झालेली होती, तेथे खेळत असत. ऑगस्टच्या अखेरीस शहरात आग लागली, ती विझविण्यासाठी बंबांनी भरमसाट पाणी उपसले, वाहिनीतील दाब पार उतरला आणि खड्ड्यांतले दूषित पाणी उलट दिशेने पिण्याच्या वाहिनीत शिरले.

यात निसर्गनियमाविरुद्ध काहीच घडले नाही. इटलीतील टॉरिचेली या शास्त्रज्ञाने 1643 साली दाखवून दिलेला वातावरणाचा भार समुद्रसपाटीला पाण्याचा सुमारे दहा मीटर उंचीचा स्तंभ तोलून धरण्याइतका असतो. नळात दाब आहे तोवर पाणी बाहेर पडते. परंतु तो दाब वातावरणाच्या दाबाहून खाली गेला, की पाण्यात बुडालेल्या प्रत्येक उघड्या तोंडातून बाहेरचे पाणी आत ढकलले जाते, मग ते पाणी विहिरीचे असो, खत कालवलेल्या पिंपातले असो वा गटाराचे असो.

यावर एकमार्गी झडप बसविण्याची तजवीज पुष्कळ ठिकाणी करतात. पण झडपेच्या बैठकीत वाळूचा एखादा कण अडकला तरी ती पुरती मिटत नाही, हे कोणीही अनुभवी नळकारागीर सांगेल. त्याहून भरवशाची गोष्ट म्हणजे हवेचे अंतर. तोटीचे तोंड टाकीच्या काठापासून निदान तोटीच्या व्यासाच्या दुप्पट उंच ठेवले, तर मधल्या हवेतून पाण्याला उलट जाता येत नाही. येथे बिघडण्याजोगा एकही भाग नाही. तुषारसिंचनाच्या नळीवर निर्वात मोडणारी, म्हणजे दाब पडताच आत हवा घेणारी झडप बसवितात. ती सर्वांत उंच तुषारतोंडाच्याही वर असली पाहिजे, एरवी तिचा उपयोग नाही. परंतु माझ्या मते खरा बंदोबस्त एकच: बागेची वाहिनी आरंभापासून अंतापर्यंत पिण्याच्या वाहिनीहून निराळी असावी, आणि दोहोंमध्ये कोठेही जोड नसावा.

आपल्याकडे ही गोष्ट अधिक निकडीची आहे. वुस्टरला जे घडण्यासाठी आग लागावी लागली, त्याची परिस्थिती आपल्या बहुतेक नगरांत पाणी सोडण्याची वेळ संपताच दररोज निर्माण होते. कारण वाहिन्या रिकाम्या होतात, आणि त्या वेळी रबरी नळीचे टोक कुंडीत वा पिंपात बुडलेले असले, तर वाट मोकळीच असते. शिवाय पुण्या-मुंबईच्या मोठ्या गृहसंकुलांत सांडपाणी शुद्ध करून ते बागेला व शौचालयांना देण्याची पद्धत रूढ होत आहे. पद्धत स्तुत्य आहे. मात्र त्यामुळे एकाच इमारतीत दोन प्रकारचे पाणी शेजारी-शेजारी वाहू लागते, आणि दुरुस्तीच्या घाईत जोडलेला हातभर तुकडा दोहोंचा संगम घडवू शकतो. कॅलिफोर्नियात अशा पुनर्वापराच्या पाण्याच्या नळ्या जांभळ्या रंगाच्याच असतात, जेणेकरून कारागिराची फसगत होऊ नये. पिण्याच्या व अशुद्ध पाण्याच्या नळ्यांचा जोड आपल्या राष्ट्रीय इमारत संहितेनेही निषिद्ध मानला आहे. पण संहिता दफ्तरात असते आणि नळ्या भिंतीत.

म्हणून वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे, की आपल्या सोसायटीच्या कार्यालयातून नळजोडणीचा नकाशा मागून घ्यावा, बागेची वाहिनी कोठून निघते ते प्रत्यक्ष जाऊन पाहावे, आणि ती पिण्याच्या टाकीशी जोडलेली आढळल्यास पुढच्या सभेची वाट न पाहता तो जोड तोडून घ्यावा.