जीव मोठा, पण कागदही अमानत

५ जानेवारी २००४ रोजी पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत सुमारे दीडशे जणांचा जमाव घुसला. कपाटे पाडली गेली, काचा फुटल्या, ग्रंथ आणि पोथ्या फरशीवर फेकल्या गेल्या. राग होता जेम्स लेन या अमेरिकी प्राध्यापकाने छत्रपती शिवाजी महाराजांवर लिहिलेल्या पुस्तकाचा. ते पुस्तक संस्थेने लिहिले नव्हते, छापलेही नव्हते, आणि प्रकाशकाने ते आधीच मागे घेतले होते. १९१७ साली स्थापन झालेल्या या संस्थेत पंचवीस हजारांहून अधिक हस्तलिखिते आहेत. महाभारताची चिकित्सक आवृत्ती इथेच तयार झाली. इतिहासाच्या अभिमानापायी इतिहासाचीच साधने पायाखाली गेली.

आठवीच्या वर्गात मी ही हकिकत सांगितली आणि विचारले, "तिथल्या कर्मचाऱ्यांनी जीव धोक्यात घालून जमावाला अडवायला हवे होते का?" एक मुलगा लगेच म्हणाला, "नाही सर, पुस्तक पुन्हा छापता येते, माणूस पुन्हा येत नाही." मागच्या बाकावरची मुलगी उठली, "पण सर, हस्तलिखित एकच असते. ते कुठून छापणार?" दोघांचेही बरोबर होते, म्हणून हा विषय घराघरांत बोलला जावा असे वाटते.

आपल्या दीनने या प्रश्नाचा पाया स्पष्ट घालून दिला आहे. एका निरपराध जिवाला वाचवणे म्हणजे साऱ्या मानवजातीला वाचवणे, ही कुरआनची शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. तिरमिझीच्या हदीससंग्रहात हजरत अब्दुल्लाह इब्ने उमर (रजि.) यांच्याबद्दल सांगितले आहे की, काबागृहाकडे पाहून त्यांनी त्याची थोरवी मान्य केली आणि अल्लाहपाशी मोमिनाची प्रतिष्ठा त्याहून मोठी असल्याचे म्हटले. काबागृहाच्या बाबतीत जर असे असेल, तर इतर कोणत्या इमारतीसाठी, चित्रासाठी किंवा पोथीसाठी माणसाचा जीव मागण्याचा हक्क कुणाला आहे?

मागण्याचा हक्क नाही. पण स्वतःहून देणारे असतात. सीरियातील पालमायरा या प्राचीन नगराची देखभाल खालिद अल-असद यांनी आयुष्यभर केली. वयाची ऐंशी वर्षे ओलांडलेल्या या निवृत्त अधिकाऱ्याला आयसिसने पकडले. पुरातन वस्तू कुठे लपवल्या आहेत हे त्यांनी सांगितले नाही. ऑगस्ट २०१५ मध्ये त्यांची हत्या झाली. त्यांच्यापुढे मान झुकते. मात्र जीव त्यांचा होता आणि निर्णयही त्यांचाच होता. कार्यालयात बसलेल्या साहेबाने पहारेकऱ्याला "तू मर, पण मूर्ती वाचव" असे सांगणे ही अगदी वेगळी गोष्ट झाली.

इथे काही जण उलटा मुद्दा काढतात. जीव मोठा, तर दगडांचे एवढे कौतुक कशाला? मार्च २००१ मध्ये तालिबानने बामियानच्या दोन भव्य बुद्धमूर्ती उडवल्या. तेव्हा त्यांच्या दूताने अमेरिकेत असेच सांगितले होते, की आमची मुले उपाशी मरत असताना जगाला मूर्तींसाठी पैसा द्यावासा वाटतो. ऐकताना मन क्षणभर डळमळते, कारण अफगाणिस्तानात त्या वेळी दुष्काळ खरोखरच होता. पण मूर्ती फोडून एका तरी भुकेल्या मुलाच्या तोंडात घास गेला का? उलट सुरुंग लावण्यासाठी स्थानिक हजारा बंदिवानांना जबरदस्तीने जुंपले गेले. ज्यांना दगडाची कदर नव्हती, त्यांना माणसाचीही नव्हती. मूर्तिपूजा आपल्या श्रद्धेत बसत नाही, हे खरे. तरीही शतकानुशतके मुस्लिम राजवटींखाली त्या मूर्ती उभ्या होत्या, आणि त्या फोडू नयेत म्हणून समजावायला युसुफ अल-करदावी यांच्यासारखे उलेमा कंदहारपर्यंत गेले होते. हे आपण आपल्या मुलांना सांगितले पाहिजे.

मग मधला मार्ग कोणता? तो आपल्याच इतिहासात आहे. यमामाच्या लढाईत कुरआन मुखोद्गत असलेले अनेक हाफिज शहीद झाले. हजरत उमर (रजि.) यांना काळजी वाटली आणि त्यांच्या सल्ल्यावरून खलिफा हजरत अबू बक्र (रजि.) यांनी हजरत झैद बिन साबित (रजि.) यांच्याकडे संपूर्ण कुरआन लिखित स्वरूपात एकत्र करण्याचे काम सोपवले. पुढे हजरत उस्मान (रजि.) यांनी त्याच्या प्रती ठिकठिकाणी पाठवल्या. मोलाची गोष्ट एकाच जागी, एकाच माणसाच्या भरवशावर ठेवायची नाही, हा धडा तिथे मिळतो.

मालीतील टिंबक्टू शहरात २०१२ साली हेच दिसले. शहर बंडखोरांच्या ताब्यात गेल्यावर अब्देल कादर हैदरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घराण्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेली अरबी हस्तलिखिते लोखंडी पेट्यांत भरली आणि गाड्यांतून, नावांतून शेकडो किलोमीटर दूर बामाकोला नेली. धोका होताच, पण काम लपतछपत, थोडे थोडे आणि वेळेत केले. जानेवारी २०१३ मध्ये पळून जाताना बंडखोरांनी अहमद बाबा संस्थेतील हजारो हस्तलिखिते जाळली, तोवर बहुतांश ठेवा बाहेर पडलेला होता. आग लागल्यावर आत उडी मारणाऱ्याच्या शौर्याचे पोवाडे होतात. आग लागण्याआधी पेट्या भरणाऱ्याचे नावही कुणी घेत नाही.

आपल्या मुळशीला हरवण्याचे दुःख नवे नाही. १९२१ साली टाटांच्या धरणाविरुद्ध सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला, तरी धरण झाले आणि गावे पाण्याखाली गेली. पाण्याखालचे घर पुन्हा दिसत नाही. विनायकराव भुस्कुटे यांच्यासारख्यांनी त्या लढ्याची हकिकत लिहून ठेवली, म्हणून आज ती वाचता तरी येते.

आता आपल्या घराकडे बघा. पेटीच्या तळाशी आजोबांचा निकाहनामा असतो, खानदानाचा शिजरा असतो, कुठे मशिदीची किंवा कब्रस्तानची जुनी सनद, कुठे दादीच्या हाताने उर्दूत लिहिलेली वही. "वाचता येत नाही" म्हणून त्या रद्दीत जातात किंवा मुळशीच्या चार महिन्यांच्या पावसात बुरशीने संपतात. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ग. ह. खरे फारसी शिकून असेच जुने फारसी कागद वाचत आणि प्रसिद्ध करत बसले. आपण तर आपल्याच घरातले कागद उलगडायचे आहेत.

यासाठी जीव धोक्यात घालावा लागत नाही, एक रविवार पुरतो. प्रत्येक पानाचा दिवसाउजेडी मोबाईलवर स्वच्छ फोटो काढा आणि तो दोन नातेवाइकांकडे पाठवून ठेवा. कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन करू नका. स्वच्छ सुती कापडात गुंडाळून जमिनीपासून उंच, भिंतीच्या ओलीपासून लांब ठेवा. भिजलाच तर घासू नका, उन्हात टाकू नका. सावलीत वाऱ्यावर वाळू द्या, पानांमध्ये कोरा टीपकागद घाला. मशिदीच्या जमिनीच्या कागदांची एक प्रत ट्रस्टच्या कपाटाबाहेरही असू द्या.

उंट आधी बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आपण जाणतोच. उद्या घरात आग लागली किंवा पाणी शिरले, तर आधी मुले, म्हातारी माणसे आणि शेजारी बाहेर काढायचे. पेटीसाठी कुणी मागे फिरायचे नाही. आणि मागे फिरावेच लागू नये, म्हणून पेटीतल्या कागदांची दुसरी प्रत आजच करून ठेवायची.