प्रकल्प करा, पण गल्लीतला

पावसाळा आला की शाळकरी मुले प्रकल्पाचा विषय विचारायला माझ्याकडे येतात. वहीत ‘जागतिक तापमानवाढ’ किंवा ‘गोदावरीचे प्रदूषण’ लिहिलेले असते. विषय थोर, पण महिनाभरात पेलणारे नव्हेत. मी त्यांना डेंग्यू सुचवतो. तापमानवाढ आणि बेसुमार वाढणारी शहरे यांमुळे तो जगभर फैलावतो आहे. २०२४ साली जगात १ कोटी ४० लाखांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. त्याचा एडिस डास मात्र आपल्या घरातल्याच साठवलेल्या, स्वच्छ पाण्यात वाढतो.

आधी गल्लीतली ५० घरे ठरवा. पाण्याचे पिंप, कूलर, फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, गच्चीवरचे टायर बॅटरीच्या उजेडात तपासा. किती घरांत अळ्या सापडल्या, त्याची शेकडेवारी काढा. मग घरोघर कोरडा दिवस पाळायला सांगा. अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, म्हणून भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करायची. नुसते पाणी ओतून भागत नाही. अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरडी राहूनही कित्येक महिने तग धरतात. काथ्याने खसखसून घासावेच लागते. (हे घरच्यांना मुलेच पटवतात, डॉक्टरचे कोण ऐकतो!)

चार आठवड्यांनी तीच घरे पुन्हा तपासा. आकडा घटला नसेल तर तसेच लिहा आणि कोणते भांडे सुटले ते शोधा. तपासणीला मोठ्या माणसाबरोबर जा, अंगभर कपडे घाला. हा डास दिवसा चावतो.