वैज्ञानिक संगणनाच्या व्यवस्थापनात स्क्रिप्टिंग भाषा : जीएमआरटीचे उदाहरण

प्रस्तावना : गणन संगणक करतो, परंतु कोणते गणन कोणत्या क्रमाने करावे, हे संशोधकालाच ठरवावे लागते. हा क्रम केवळ स्मरणात राहिल्यास निष्कर्षांची फेरतपासणी अशक्य होते.

विवेचन : पुणे जिल्ह्यातील खोडद येथील जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत. तिच्या नोंदींतून आकाशाची प्रतिमा मिळविताना मानवनिर्मित रेडिओ-व्यत्यय वगळणे, अंशांकन करणे, प्रतिमा घडविणे व ती पुनःपुन्हा सुधारणे हे टप्पे असतात. 2010 ते 2012 या काळात 150 मेगाहर्ट्झवर झालेल्या आकाश-सर्वेक्षणाच्या नोंदींवर हुइब इंटेमा व सहकाऱ्यांनी पायथन भाषेवर आधारित ‘स्पॅम’ प्रणालीने प्रक्रिया केली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या सूचीत सुमारे 6 लाख 20 हजार रेडिओ स्रोत आहेत. येथे बरेचसे गणन ‘एआयपीएस’ ही जुनी आज्ञावली करते. पायथन तिला क्रमाने कामे सोपविते आणि एका टप्प्याचे फलित पुढील टप्प्यास पुरविते.

निष्कर्ष : स्क्रिप्टमुळे श्रम वाचतात, त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती कार्यपद्धतीची लेखी नोंद ठरते. मूळ नोंदी, स्क्रिप्ट आणि आज्ञावलीची तीच आवृत्ती उपलब्ध असल्यास अन्य संशोधकास निष्कर्ष पडताळता येतो. म्हणून महाविद्यालयीन प्रकल्पांतही फलितांसोबत स्क्रिप्ट जतन करणे आवश्यक आहे.