नवा रोलर कोस्टर येणार! पण कशावरून?

एखाद्या गावात रस्त्याकडेला पत्रे ठोकून आडोसा केला की दुसऱ्या दिवसापासून तर्क सुरू होतात. कोणी म्हणतो सिनेमागृह होणार, कोणी म्हणतो बँक. पत्र्याच्या फटीतून डोकावणारेही निघतात. मोठमोठ्या मनोरंजन उद्यानांच्या बाबतीत नेमके हेच घडते. फक्त तिथे डोकावणाऱ्यांची संख्या हजारोंनी असते. रोलर कोस्टर म्हणजे रुळांवरून चढउतार करीत, गिरक्या घेत धावणारी गाडी. या गाड्यांचे काही शौकीन असे आहेत, की उद्यानाने अधिकृतपणे तोंड उघडण्याच्या आधीच ते सांगू लागतात : यंदा काय येणार, किती उंच असणार, किती वेगाने धावणार.

यातले बरेचसे अंदाज हवेतले असतात. पण काही अंदाज आश्चर्य वाटावे इतके खरे ठरतात. ते खरे ठरतात त्यामागे ना जादू असते, ना नशीब. नववी-दहावीच्या पुस्तकातले भौतिकशास्त्र असते. कसे, ते आज पाहू.

पहिला पुरावा : नकाशा

लंडनच्या नैर्ऋत्येला थॉर्प पार्क नावाचे उद्यान आहे. २०२२ साली या उद्यानाने स्थानिक नगरप्रशासनाकडे बांधकाम परवानगीसाठी अर्ज केला. ब्रिटनमध्ये असे अर्ज कोणालाही पाहता येतात, कारण शेजारच्या रहिवाशांना हरकत घ्यायची असेल तर त्यांना नकाशे दिसायला हवेत. शौकिनांनी अर्थातच ते नकाशे उघडले. उद्यानाने नव्या गाडीचे नाव जाहीर केलेले नव्हते, वेगही सांगितलेला नव्हता. पण एक आकडा नकाशात होता : सर्वोच्च बिंदू सुमारे ७२ मीटर. म्हणजे जवळजवळ चोवीस मजली इमारत.

आता तुम्ही विचाराल, उंचीवरून वेग कसा कळणार? असे पहा. गाडी साखळीने माथ्यावर खेचली जाते तेव्हा तिच्यात स्थितिज ऊर्जा साठते. उतारावरून खाली येताना या ऊर्जेचे गतिज ऊर्जेत रूपांतर होते. दोन्ही ऊर्जा सारख्या मानून समीकरण मांडले, तर दोन्ही बाजूंचे वस्तुमान कटते आणि उरते ते एवढेच :

वेगाचा वर्ग = २ × गुरुत्वीय त्वरण × उंचीतील फरक

वस्तुमान कटते, ही गोष्ट फार महत्त्वाची आहे. गाडी किती टनांची, तिच्यात किती माणसे बसणार, यातले काहीही ठाऊक नसले तरी चालते. गुरुत्वीय त्वरण ९.८ धरा. २ × ९.८ × ७२ म्हणजे सुमारे १४११. त्याचे वर्गमूळ ३७.६. म्हणजे सेकंदाला ३७.६ मीटर; ३.६ ने गुणले की ताशी सुमारे १३५ किलोमीटर.

ही गाडी ‘हायपेरिया’ या नावाने २०२४ च्या मे महिन्यात सुरू झाली. उद्यानाने जाहीर केलेला वेग होता ताशी ८० मैल, म्हणजे सुमारे १२९ किलोमीटर. दोन वर्षे आधी, घरी बसून, कागद-पेन्सिलीने काढलेले उत्तर आणि प्रत्यक्ष वेग यांत फक्त सहा किलोमीटरांचा फरक!

मग हे सहा किलोमीटर गेले कुठे? उत्तराच्या पुढे निघून जाऊ नका, इथे थोडे थांबा. ताशी १२९ किलोमीटर वेगाला घर्षणाशिवाय सुमारे ६५ मीटरांचा उतार पुरतो. नकाशात मात्र ७२ मीटर होते. उरलेल्या सात मीटरांचा हिशेब दोन ठिकाणी लागतो. काही ऊर्जा चाकांचे घर्षण आणि हवेचा विरोध यांत खर्च होते. शिवाय रूळ अगदी जमिनीला टेकलेले नसतात. उताराचा तळ जमिनीच्या थोडा वरच असतो, म्हणून प्रत्यक्ष उतार ७२ मीटरांपेक्षा कमी भरतो. आपले सूत्र वेगाची वरची मर्यादा सांगते. केवळ उतारावर धावणारी गाडी याहून जास्त वेगाने जाऊच शकत नाही. एखादा शौकीन ७२ मीटरांच्या अशा गाडीला ताशी १६० किलोमीटर वेग देऊ लागला, तर त्याच्याशी वाद घालण्याची गरज नाही. त्याला फक्त वर्गमूळ काढायला सांगा.

दुसरा पुरावा : खड्डा

इंग्लंडमधल्याच स्टॅफर्डशर परगण्यात ऑल्टन टॉवर्स हे उद्यान आहे. तिथली अडचण वेगळीच होती. परिसराचे सौंदर्य बिघडू नये म्हणून झाडांच्या शेंड्यांपेक्षा उंच बांधायला मनाई! उंची नाही तर वेग नाही, आणि वेग नाही तर गंमत काय?

आता वरचे सूत्र पुन्हा वाचा. त्यात ‘उंची’ असे म्हटलेले नाही, ‘उंचीतील फरक’ असे म्हटले आहे. गाडी जमिनीपासून किती वर आहे याच्याशी गुरुत्वाकर्षणाला काही देणेघेणे नाही. सुरुवात आणि शेवट यांच्या पातळ्यांत अंतर किती, एवढेच ते पाहते. विहिरीच्या काठावरून सोडलेला दगड जमिनीच्या वर मुळीच चढलेला नसतो, तरीही तळाशी तो वेगानेच आदळतो.

ऑल्टन टॉवर्सने नेमका हाच मार्ग धरला. १९९४ साली ‘नेमेसिस’ ही गाडी खडक फोडून केलेल्या दरीत बसवली गेली. १९९८ साली आली ‘ऑब्लिव्हियन’. हिचा माथा जमिनीपासून जेमतेम २० मीटर वर. पण तिथून गाडी जवळजवळ सरळ उभी कोसळते ती थेट जमिनीतल्या भोकात शिरते. एकूण उतार सुमारे ५५ मीटर! केवळ २० मीटरांचा उतार असता तर वेग ताशी ७१ किलोमीटरांच्या पुढे गेला नसता. ५५ मीटरांसाठी सूत्र सांगते ११८. जाहीर केलेला वेग सुमारे ११० आहे.

तेव्हा अशा उद्यानात नवी गाडी येणार म्हटले की जाणकार शौकीन आकाशाकडे पाहत नाही. तो विचारतो, ‘खोदकाम कुठे चालू आहे?’ माती वाहून नेणारे ट्रक हा त्याच्या दृष्टीने क्रेनइतकाच बोलका पुरावा असतो.

तिसरा पुरावा : न पाडलेला मनोरा

अमेरिकेत ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी, सीडर पॉइंट हे जुने उद्यान आहे. २००३ साली तिथे ‘टॉप थ्रिल ड्रॅगस्टर’ ही गाडी सुरू झाली. हिला साखळीचा चढ नव्हता. तेलाच्या दाबावर चालणारे यंत्र दोरखंडाने गाडी सपाट रुळावरून असे हिसडत असे, की सुमारे चार सेकंदांत तिचा वेग शून्यावरून ताशी १९३ किलोमीटर होई. मग ती १२८ मीटर उंचीचा मनोरा चढून पलीकडे उतरे.

इथे आपले सूत्र उलटे वापरायचे. १२८ मीटर चढायला किती वेग हवा? २ × ९.८ × १२८ म्हणजे सुमारे २५०९, वर्गमूळ ५०, म्हणजे ताशी १८०. गाडीला मिळत होते १९३. जादा वेग घर्षणासाठी आणि माथा ओलांडण्यासाठी ठेवलेला. ही शिल्लक फार मोठी नव्हती, म्हणून कधीकधी गाडी माथ्यापर्यंत न पोचता उलटी मागे येई. तसे होणार हे रचनाकारांनी आधीच जाणले होते आणि तिला थांबवायला रुळांवर ब्रेक बसवले होते.

२०२१ च्या ऑगस्टमध्ये या गाडीचा धातूचा एक तुकडा निखळला आणि रांगेत उभ्या असलेल्या एका स्त्रीला गंभीर दुखापत झाली. गाडी बंद झाली. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये उद्यानाने जाहीर केले, की ही गाडी आहे त्या रूपात पुन्हा धावणार नाही. काहीतरी नवे घडवले जात आहे. झाले! तर्कांना ऊत आला.

पण डोळे उघडे ठेवणाऱ्यांना एक गोष्ट दिसत होती. जुनी हिसडा देणारी यंत्रणा निघत होती आणि मनोरा मात्र जागेवरच होता. तेव्हा प्रश्न असा उरला : त्याच रुळावरून, तेवढ्याच लांबीत, वेगळ्या यंत्राने गाडीला १२८ मीटर वर कसे पोचवायचे? दोरखंडाऐवजी विद्युतचुंबकांनी गाडी ढकलता येते, पण त्यांचा धक्का जर इतका दांडगा नसेल तर?

या प्रश्नाचे उत्तर तुम्ही लहानपणी झोपाळ्यावर शोधलेले आहे. धाकट्या भावाला एकाच धक्क्यात उंच चढवता येत नाही, म्हणून आपण थांबत नाही. झोका परत आला की पुन्हा ढकलतो, आणि प्रत्येक वेळी तो थोडा अधिक वर जातो. गाडीलाही पुढे-मागे-पुढे असे तीन वेळा ढकलले तर? मात्र मागे जाताना तिला चढायला दुसरी उंच जागा हवी. म्हणजे मागच्या बाजूलाही मनोरा हवा!

२०२३ च्या ऑगस्टमध्ये उद्यानाने ‘टॉप थ्रिल २’ ची घोषणा केली, तेव्हा रचना अशीच निघाली. तीन धक्के, आणि मागे तितकाच उंच, १२८ मीटरांचा दुसरा मनोरा. तीन वेगही जाहीर झाले. ते आपल्या सूत्रात घालून पहा :

पहिला धक्का, पुढे : ताशी ११९ किलोमीटर. चढेल जास्तीत जास्त ५६ मीटर.
दुसरा धक्का, मागे : ताशी १६३ किलोमीटर. चढेल जास्तीत जास्त १०५ मीटर.
तिसरा धक्का, पुढे : ताशी १९३ किलोमीटर. चढू शकेल १४७ मीटर. म्हणजे १२८ मीटरांचा माथा पार!

पहिल्या दोन खेपांत गाडी मनोऱ्यावरून परत येणार आणि तिसऱ्या खेपेस ओलांडणार, हे केवळ तीन आकड्यांवरून कळते. ती मागच्या मनोऱ्याच्या टोकावरून निसटणार नाही, हेही कळते.

तर्क कुठे थांबतो?

आता नाण्याची दुसरी बाजू. ‘टॉप थ्रिल २’ २०२४ च्या मे महिन्यात सुरू झाली आणि जेमतेम आठवडाभरात, गाड्यांतील यांत्रिक दोषामुळे, बंद करावी लागली. उरलेला सारा हंगाम ती उभीच राहिली. प्रवाशांसाठी पुन्हा धावली ती २०२५ साली. हे कोणत्याही सूत्रातून निघाले नसते. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम गाडी किती वर जाईल ते सांगतो. चाक हजारो फेऱ्या टिकेल का, बोल्ट ढिला होईल का, हे तो सांगत नाही. त्यासाठी धातूंचा अभ्यास लागतो, रिकाम्या गाड्यांच्या असंख्य चाचण्या लागतात, आणि रोज सकाळी रुळांवर हिंडून एकेक सांधा पाहणारा माणूस लागतो. आपला तर्क चुकला तर आपण हसून पाटी पुसतो. रचनाकाराचा हिशेब चुकला तर काय होते, ते रांगेतल्या त्या स्त्रीला विचारावे लागेल. म्हणून जेथे शौकिनाचे काम संपते, तेथे अभियंत्याचे काम नुकते सुरू झालेले असते.

तरीही शौकिनाचा खेळ हलका समजू नका. आवई आणि तर्क यांत फरक काय, हे तो खेळ फार चांगले शिकवतो. ‘जगातला सर्वांत उंच रोलर कोस्टर येणार’ ही आवई झाली. ती आपल्या इच्छेतून जन्मते. ‘मनोरा पाडलेला नाही, मागे नवा पाया खणला तर तीन धक्क्यांची गाडी येईल’ हा तर्क झाला. कशाच्या आधारावर म्हणतो ते तो सांगतो, आणि काय दिसले तर आपण चूक ठरू तेही सांगतो. नवा पाया खणलाच नाही, तर तर्क बाद. असा बाद होण्याची तयारी ज्याच्यात आहे, तोच शास्त्रीय तर्क.

करून पहा

बागेला पाणी घालण्याच्या जुन्या प्लॅस्टिकच्या नळीचा दीड-दोन मीटरांचा तुकडा घ्या आणि मोठ्यांच्या मदतीने तो उभा चिरून पन्हाळी करा. ती भिंतीशी धरून मधे खोलगट भाग येईल अशी दोन्ही टोके वर चिकटवा. डाव्या बाजूला तळापासून ५० सेंटिमीटर उंचीवरून गोटी सोडा आणि उजवीकडे ती किती उंच चढते ते मोजा. समजा ४० सेंटिमीटर चढली, तर पाचवा हिस्सा ऊर्जा वाटेत खर्च झाली.

आता गोटी २५ सेंटिमीटरांवरून सोडायची आहे. पण थांबा! सोडण्यापूर्वी ती किती चढेल तो आकडा वहीत लिहा, शाईने लिहा, आणि शेजारी कारणही लिहा. मग गोटी सोडा.

आकडा जुळला तर आनंद आहेच. नाही जुळला तर खोडरबर शोधू नका. का जुळला नाही, हा प्रश्न त्याच पानावर खाली लिहा. पुढचे विज्ञान तिथून सुरू होते.